चुकून उकरलेला पाव

“ए! थांब! त्या दगडाला हात लावशील तर बघ!”

मी ओरडले खरी, पण वाऱ्यानं माझे शब्द उचलले आणि थेट समुद्रात नेऊन टाकले. पाऊस आडवा येत होता. समोर भट्टीवर, वाफांच्या मधोमध, एक उंच अनोळखी तरुण गुडघे टेकून बसला होता. एका हातात फावडं, दुसरा हात डोक्यावर... कारण सुरय पक्षी त्याच्या टोपीवर एकामागून एक झेपावत होते. आणि त्याच्या मांडीवर... मी डोळ्यांवरचं पाणी पुसलं, पुन्हा पाहिलं... त्याच्या मांडीवर माझा डबा होता.

माझा. आदल्या दिवशी मी पुरलेला. आईच्या खड्ड्यातला!

मी जागच्या जागी थिजले. आमच्या हेइटाविक गावात कुणी न विचारता कुणाच्या घरात शिरलं, कॉफी ओतून घेतली, तरी चालतं. पण भट्टीवर दुसऱ्याचा पाव उकरायचा नाही. चर्चच्या मागचा हा काळ्या वाळूचा पट्टा बारा महिने गरम असतो. प्रत्येक घराचा आपापला खड्डा, खड्ड्यावर आपापला दगड. काकवी घालून कालवलेलं पीठ डब्यात भरायचं, आज पुरायचं, उद्या काढायचं. जमीनच भाजून देते. माझ्या खड्ड्यावरचा दगड लांबट आणि काळा, मधून एक पांढरी रेघ गेलेला. तो आईनं ठेवलेला. आई गेली, दगड राहिला.

“हे तुझं आहे?” त्यानं डबा वर धरून विचारलं.

“नाही, समुद्राचं आहे! ठेव खाली!”

“मला वाटलं, माझ्या आधी कुणीतरी इथे यंत्र पुरून ठेवलंय.”

“यंत्राला काकवीचा वास येतो?”

“नाही येत...” तो म्हणाला. पापण्यांवरून पावसाचे थेंब ओघळत होते, आणि त्यामागे डोळे होते — राखाडी, प्रामाणिक, थोडे घाबरलेले. “म्हणून तर उकरत राहिलो.”

मला हसू आलं. हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

“मी ओर्री,” तो घाईघाईनं उठला. “जमिनीखालच्या हालचालींचा अभ्यास करतो. इथलं तापमान रोज घ्यावं म्हणून—”

“इथे नाही घ्यायचं. ओढ्यापलीकडे हवं तिथे खुपस तुझी यंत्रं. भट्टीवर फक्त पाव पुरतात.”

“बरं.”

इतक्या लगेच कुणी ‘बरं’ म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. भांडायला घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला.

“आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायला ये. चर्चशेजारचं लाल छपराचं घर.”

त्याच्या हातातलं फावडं पडलं. “हे... आमंत्रण आहे?”

“शिक्षा आहे! चुकून दुसऱ्याचा पाव उकरला तर त्याच घरी बसून तो संपवायचा. कच्चा असला तरी.”

मी डबा हिसकावून घेतला आणि वळले. पाठीमागून त्याचा आवाज आला, “तुझं नाव तरी सांग! शिक्षा देणाऱ्याचं नाव माहीत असायला हवं!”

“आल्दिस!” मी न वळता ओरडले. पण या वेळी वाऱ्यानं माझं नाव समुद्राकडे नेलं नाही. त्याच्याकडेच नेलं.

*

पाव अर्धा कच्चाच होता. मधोमध ओल्या मातीसारखा. ओर्रीनं त्यावर लोणी थापलं, धुरावलेला मासा ठेवला आणि एक घास घेऊन शूरपणे चावत राहिला... चावतच राहिला.

“कसा आहे?” मी गोड आवाजात विचारलं.

“घट्ट... मैत्री करणारा आहे. दात सोडत नाही.”

माझे वडील खो खो हसले. मी त्यांना पाब्बी म्हणते. ते गावाचे धर्मोपदेशक. म्हणून सगळे त्यांना सेरा ब्रान्दुर म्हणतात. ते प्रवचन नुसतं सांगत नाहीत, गातात. एक ओळ ते घेतात, मग बाकांवरचे आम्ही सगळे ती झेलतो, आणि मी हार्मोनियमवर मागे असते. त्या आवाजात एकदा न्हाऊन निघालं की आठवडाभर मनाला धूळ लागत नाही.

“सेरा,” ओर्री म्हणाला, “एक शंका आहे. चुकून उकरला तर एक जेवण. आणि मुद्दाम उकरला तर?”

“मुद्दाम अजून कुणी उकरला नाही,” पाब्बी म्हणाले. “पण उकरलाच, तर काय करायचं ते ज्याचा पाव त्यानं ठरवायचं.”

ओर्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी मिठाची डबी शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

तेवढ्यात कपाटातल्या बश्या किणकिणल्या. हलका धक्का. वसंत लागल्यापासून असे धक्के रोजचेच झाले होते. ओर्रीचा चेहरा मात्र एकदम गंभीर झाला.

“कशानं होतं रे हे?” पाब्बींनी विचारलं.

त्यानं ताटात पावाचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. “पृथ्वीचं कवच अखंड नाही. मोठमोठे तुकडे आहेत. हा अमेरिकेचा, हा युरोपचा. दोघांमधली शिवण नेमकी आपल्या बेटातून जाते, आणि दोघं एकमेकांपासून दूर सरकतायत.” त्यानं तुकडे हळूच लांब केले. “फट पडली की खालून शिलारस वर येतो.” त्यानं फटीत चमचाभर मुरंबा सोडला. “गोठतो. फट बुजते. शिवाय फार खोलवरून उष्णतेचा एक खांबच वर येतोय, बरोबर आपल्याखाली. तो नसता तर इथे नुसता समुद्र असता. हे बेट त्या आगीनंच वर उचललंय.”

“मुरंबा वाया घालवू नकोस,” मी म्हणाले. पण माझी नजर त्या ताटावरून हलेना. जन्मभर ज्या जमिनीवर चालले, ती अशी... शिवणीवर?

“आणि आता?” पाब्बी.

“आता ग्राउहाल्सच्या कड्याखाली रस साठतोय. कडा फुगलाय. फुटलाच तर तिथे फुटेल, गावापासून लांब.” तो थांबला. “तरी कदाचित... गाव काही दिवस सोडावं लागेल.”

“मी नाही सोडणार!” माझा आवाज इतका चढला की मीच दचकले. “शहरात नोकरी मिळत होती, नाही घेतली. आईचा खड्डा इथे आहे. मेले तरी हेइटाविक सोडणार नाही. तू सोड! तू कुठे राहतोस तरी?”

“कुठेच नाही,” तो शांतपणे म्हणाला. “जिथे जमीन हलते तिथे जातो. थांबली की निघतो.”

का कोण जाणे... ते ऐकून मला आधीच्या धक्क्यापेक्षा जास्त हादरा बसला.

*

त्यानं शब्द पाळला. ओढ्यापलीकडेच राहिला. मी भट्टीवर जायची आणि तो पलीकडच्या काठावर वाकून काही ना काही मोजत असायचा. मधे पाणी, पाण्यावर धुकं.

“आल्दिस! तू उभी आहेस ते युरोप. मी उभा आहे ते अमेरिका.”

“काहीतरीच!”

“अगदी काटेकोर नाही. पण जवळपास. दरवर्षी आपण नखं वाढतात तेवढे लांब जातो.”

“मग अलीकडे ये ना,” मी म्हणून गेले... आणि जीभ चावली.

तो सरळ उभा राहिला. केस वाऱ्यानं कपाळावर आलेले. “येऊ? बंदी उठली?”

“पावांवरची नाही उठली!”

“मी पावांबद्दल विचारलंच नाही.”

मी फावडं उचलून चालू पडले. कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या होत्या की त्यांच्यावर पाव भाजला असता.

आणि त्याच दिवशी पाव जळला.

डबा उघडला तर आत कोळसा! मी बघतच राहिले. आई गेल्यापासून पाव माझ्याच हातचा असतो. असं कधीच झालं नव्हतं. चोरासारखी डबा झाकते आहे तोवर मागे गुन्वोर उभी. भट्टीवरची सगळ्यात जुनी बाई. तिच्या डोळ्यांतून माशीसुद्धा सुटत नाही.

“जळाला वाटतं?”

“नाही तर!”

“मग वास कसला गं येतोय? माझ्या धाकट्या बहिणीचा असाच जळायचा. त्या वर्षी पोस्टमन नवीन आला होता.” ती ओढ्याकडे बघून खाकरली. “उंच आहे. पण बारीक फार. जरा खायला घाल त्याला... भाजलेलं!”

मी लाजेनं काळवंडले. तो कोळसा मी घोड्यांपुढे टाकला, घोड्यांनीही तोंड फिरवलं. पुढच्या वेळी लवकर काढला. तरी जळाला. खड्डा उथळ केला. जळालाच. माझं लक्ष ठिकाणावर नाही, मी पलीकडच्या काठावर बघत बसते, मला वेळेचं भान उरत नाही... हेच खरं असणार. मी कुणाला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच. काय सांगणार? तुझ्यामुळे माझे पाव जळतात?

*

चर्चच्या वाढदिवसाचा रविवार उजाडला. त्या दिवशी प्रवचनानंतर लांब टेबल मांडतात, प्रत्येक घर आपला पाव आणतं, आणि गाव एकत्र कॉफी पितं. न आणणं शक्यच नव्हतं. मी आदल्या दिवशी शेजारच्या गावी जाऊन दुकानातला पाव आणला, कागद काढला, घरच्या फडक्यात गुंडाळला. देवा, माफ कर.

पाब्बींनी त्या दिवशी स्वतः रचलेली ओळ लावली होती. डोळे मिटले, हात पसरले, आणि त्यांचा भारदस्त आवाज छतापर्यंत गेला —

“खालचं सारं तुला ठाऊक, देवा,
वरचं पाऊल तेवढं धर...”

आम्ही ओळ उचलली. मागच्या बाकावर ओर्री बसला होता. ओठ हलत होते, सूर कुठल्या कुठे! मला हसू फुटणार तोच धक्का आला. मोठा. हार्मोनियम माझ्या बोटांखाली स्वतःहूनच हुंदका दिल्यासारखा वाजला. भिंतीवरच्या फळीतले, त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक दाखवणारे आकडे खाली घरंगळले. क्षणभर सगळे पुतळे. मग पाब्बींनी तीच ओळ पुन्हा घेतली, जरा खालच्या पट्टीत, आणि बाकांवरून आवाज परत आला... कापरा, पण आला.

मग कॉफी. टेबलावर पावांची रांग. ओर्रीनं नेमका गुन्वोरच्या पावाचा तुकडा उचलला.

“छान आहे,” तो म्हणाला. “शहरात मी रोज हाच खातो.”

“काय म्हणालास?” गुन्वोरनं कप आपटला.

“नाही, म्हणजे... दुकानात मिळतो ना, हिरव्या कागदातला...”

“मी? मी दुकानातला पाव आणीन? चाळीस वर्षं मी भट्टीवर—” आणि तिचा आवाज मधेच तुटला. गाल लाल झाले. गुन्वोरचे गाल! मी थक्क होऊन पाहत राहिले.

मला तिची दया आली. “माझाही दुकानातलाच आहे,” मी म्हणाले. “माझा जळाला.”

“तुझाही?” टेबलाच्या टोकाकडून एक आवाज.

“म्हणजे तुझा पण?”

“अगं माझा तर तीनदा! मला वाटलं, हात गेला माझा!”

“मी नवऱ्याला सांगितलं, डबा कुत्र्यानं पळवला!”

हास्याचा नुसता स्फोट झाला. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. सगळं टेबल हिरव्या कागदातलं! सगळं गाव चोर! हसता हसता मी ओर्रीकडे पाहिलं.

तो हसत नव्हता.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातला तुकडा त्यानं बशीत ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल.

“किती घरांचा जळाला?” त्यानं विचारलं.

“सगळ्यांचाच की!” कुणीतरी हसत म्हणालं.

“लवकर काढूनसुद्धा?”

हसू एकेका बाकावर विझत गेलं. 

तो उठला आणि पळतच बाहेर गेला. मी मागोमाग. भट्टीच्या कडेला तो एकदम थांबला. हातात लांब सळईसारखा तापमापक, छाती धपापत होती. आणि त्यानं वळून मला विचारलं —

“परवानगी आहे?”

त्या क्षणीसुद्धा! “जा,” मी म्हणाले. “जा ना!”

आईच्या दगडाशेजारी त्यानं सळई खुपसली. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग गुडघ्यांवर बसूनच राहिला, पहिल्या दिवशी बसला होता तसा.

“आल्दिस... आम्ही सगळे कड्याकडे बघत होतो. रस तिथे साठतोय, तिथेच वर येईल, गावाला वेळ आहे, असं धरून चाललो होतो. पण तो वर चढलाच नाही. खडकातल्या फटीत शिरून आडवा सरकला. इथे आलाय. आपल्या पायाखाली. चर्चच्या खाली.”

“तू आधीच मोजलं असतंस तर—” मी म्हणून गेले.

“तू नको म्हणालीस,” तो म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. “पण मी पुन्हा विचारायला हवं होतं. मी... मला तुला नाराज करायचं नव्हतं.”

“किती वेळ आहे?”

“माहीत नाही. महिनाही असेल. किंवा टेबलावरची कॉफी निवेपर्यंतच. मी वर कळवतो. पण हे लोक मला ओळखत नाहीत, आल्दिस. माझं ऐकतील?”

नाही ऐकणार. ते कुणाचं ऐकतील, ते मला ठाऊक होतं.

मी आईच्या दगडाकडे पाहिलं. पावसानं धुतलेली पांढरी रेघ चमकत होती. तो उचलावासा वाटला, पण मी उचलला नाही. हात लावला असता तर मी तिथून हललेच नसते. शेजारच्या खड्ड्याच्या काठावर माझा कालचा, जळक्या पावाचा डबा पडला होता, तेवढा का कुणास ठाऊक हातात घेतला, आणि चर्चमध्ये परत गेले.

“आपण निघायचं आहे,” मी म्हणाले. “आत्ता. आहे तसं.”

“तू सांगतेस?” गुन्वोर उठून उभी राहिली. “मेले तरी सोडणार नाही म्हणणारी तू?”

“हो. मीच सांगतेय.” मी डबा वर धरला. “जमिनीनं आपल्याला रोज सांगितलं, गुन्वोर. आपण कोळसा लपवत बसलो.”

कुणी हललं नाही. कुणी रडलंही नाही. माणसं नुसती बघत होती, कप हातात तसेच. मग पाब्बी घंटेच्या दोराजवळ गेले. दोर ओढला आणि गायला लागले. तीच ओळ. वरचं पाऊल तेवढं धर... घंटा आणि गाणं, गाणं आणि घंटा. पहिली गुन्वोरच उठली. मग एकेक जण. गात गात गाव दाराबाहेर पडलं, गाड्यांत बसलं, कोकरं मागच्या सीटवर कोंबली गेली.

ओर्री शेवटपर्यंत घराघराचं दार वाजवत होता. आमची गाडी खिंडीकडे निघाली तेव्हा तो खिडकीशी आला. दोघांच्या मधे काच. त्यानं काचेवर हात ठेवला. मीही ठेवला. आणि गाडी सुटली.

खिंडीत सगळ्या गाड्या थांबल्या, कारण कुणालाच पुढे जाववेना. आम्ही खाली पाहत होतो. स्फोट वगैरे झाला नाही. चर्चच्या मागे जमीन नुसती उसवली. शिवण उसवावी तशी, टोकापासून टोकापर्यंत, सावकाश. आणि त्या उसवलेल्या जागेतून लाल पडदा वर आला. उंच, आणखी उंच. आवाज नंतर पोचला... समुद्र उलटा वाहावा तसा.

आमची भट्टी. आईचा दगड.

मला ओरडायचं होतं. मी हातातला डबा छातीशी आवळला.

*

शहरातल्या शाळेच्या सभागृहात आम्हाला गाद्या दिल्या. तिथे कळलं, घाबरलेला माणूस काय काय उचलतो ते. गुन्वोरनं फुलदाणी आणली होती, दात घरी विसरून. कुणी दोन्ही डावे बूट. पाब्बींच्या काखेत चर्चमधली गीतांच्या आकड्यांची फळी, आकडे नसलेली. आणि माझ्या मांडीवर जळक्या पावाचा डबा.

बातम्या येत राहिल्या. सगळी माणसं सुखरूप. वरची आळी गाडली गेली. चर्चचं छत पडलं, भिंती उभ्या. मी ऐकत होते, पण ते दुसऱ्याच कुणाच्या गावाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

एका दुपारी दार उघडलं आणि राखेचा माणूस आत आला. भुवयासुद्धा राखेच्या. मी उठले. बसले. पुन्हा उठले.

“तू... जिवंत आहेस,” एवढंच सुचलं.

“फारसा नाही. भूक लागलीय.” तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. डब्याकडे पाहिलं. “हा तुझा?”

“कोळसा आहे तो, ओर्री.”

त्यानं डबा उघडला. सुरीनं एक तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. कुरकुर आवाज झाला. ओठ काळे झाले. आख्खं सभागृह बघत होतं.

“असं काय करतोस वेड्या!”

“तुझ्या घरचा खड्डा उकरला मी. परवानगीनं का होईना, पण उकरला. नियम म्हणजे नियम.”

आणि मग मला रडू आलं. इतक्या दिवसांचं, धक्क्याखाली गोठलेलं. त्यानं राखेनं भरलेली बाही पुढे केली. मी तिच्यात तोंड खुपसलं.

तोंड वर काढून मी म्हणाले, “तू आता जाणार.”

“अजून जमीन हलतेय.”

“थांबली की?”

त्यानं जाताना आपला तापमापक माझ्या डब्यावर आडवा ठेवला. “सांभाळ,” म्हणाला. बस्स. मी दाराशी उभी राहिले आणि स्वतःला म्हटलं, हलणाऱ्या जमिनीच्या माणसाला कुणी थांबवू नये. थांबवलं नाही मी. पण त्या दिवशी माझ्या आत जी फट पडली, ती काही केल्या बुजेना.

*

पुढच्या वसंतात आम्ही परत आलो. सगळे नाही, पण बरेच. खालच्या आळीतली राख फावड्यांनी उपसली. चर्चवर नवं छत चढलं. आणि चर्चच्या मागे, भट्टी होती तिथे, आता काळ्या खडकाची टेकडी उभी होती. ओर्रीच्या ताटातल्या मुरंब्यासारखी, गोठलेली. आईचा दगड त्याखाली कुठेतरी, कायमचा.

मी टेकडीच्या कडेला हात टेकला... आणि चमकून मागे घेतला.

गरम होती!

मी धावत घरी गेले, तापमापक घेऊन आले, कपारीत खुपसला. मग पीठ कालवलं, काकवी ओतली, डबा कडेच्या गरम राखेत पुरला. नव्या खडकातलाच एक तुकडा उचलून वर ठेवला, आणि तापमापक त्यालाच दोरीनं बांधून टाकला. भट्टीवर आता मोजायची बंदी नव्हती. आता मीच रोज मोजणार होते.

पहिला पाव काढायला निघाले तेव्हा पाऊस होता. आडवाच. चर्चला वळसा घातला, आणि पाय जमिनीतच रुतले.

नव्या दगडाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. हातात फावडं. डोक्यावर दुसरा हात, वर सुरय पक्षी. मांडीवर माझा डबा.

माझं काळीज इतक्या जोरात हललं की ग्राउहाल्सवरच्या यंत्रांनी नोंद घेतली असेल.

“ए...” ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो कुजबुजीएवढा. “तुला... तुला माहीत होतं तो कुणाचा आहे ते?”

“माझा तापमापक बांधलाय त्याला,” ओर्री म्हणाला. राखाडी डोळे, प्रामाणिक, आणि आज पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेले. “इथे कायमचं केंद्र होतंय. मोजायला माणूस हवाय म्हणाले. मी नाव दिलं.”

“जमीन तर थांबलीय. थांबली की तू निघतोस ना?”

“जमीन थांबलीय,” तो म्हणाला. “मी अजून हलतोय. त्या ओढ्याकाठापासून... थांबतच नाहीये.”

पाऊस होता, वारा होता, पक्षी डोक्यावर किंचाळत होते. मला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

“म्हणजे हा चुकून नाही उकरलास?”

“नाही. मुद्दाम.” त्यानं डबा माझ्यापुढे धरला. झाकण उघडं होतं. वाफ वर येत होती, आणि आत पाव होता... गडद, ओलसर, आतपर्यंत भाजलेला. “कच्चा खाल्ला. कोळसा खाल्ला. म्हटलं, एकदा नीट भाजलेला मिळतो का बघावं. आता मुद्दाम उकरणाऱ्याचं काय करायचं ते तू ठरव.”

मी त्याच्यासमोर गुडघे टेकले. खडकाची ऊब स्कर्टमधून वर येत होती. चर्चमधून पाब्बींचा आवाज ऐकू येत होता. रविवारची ओळ बसवत होते, तीच ती जुनी.

“शिक्षा मोठी आहे,” मी म्हणाले.

“सांग तर.”

“रोज जेवायला यायचं. जन्मभर. पाव कसाही झाला तरी.”

त्यानं डबा बाजूला ठेवला. ओल्या, वाळूनं भरलेल्या हातांनी माझे हात धरले.

“बरं,” तो म्हणाला.

इतक्या लगेच!